पान लागलं म्हणजे काय, आणि टीडीएस म्हणजे कधी

कोल्हापूर सोडून पांढरकवड्याच्या बाजूला आरोग्यसेविका म्हणून रुजू झाले, त्याला बावीस वर्षं होतील. पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री अकराला दार वाजलं. बाहेर बाप, त्याच्या खांद्यावर पोरगा. "बाई, पोराले पान लागलं." मी शहरात वाढलेली. वाटलं, तंबाखूचं पान खाल्लं नि घेरी आली. "किती खाल्लं?" असं मी विचारलंसुद्धा. तो नुसता बघत राहिला. शेवटी शेजारची म्हातारी कानाशी लागली, "जनावर डसलं बाई. रातच्याला नाव घेत नाईत त्याचं."

पोरगा वाचला. पण आता नवीन सीएचओ, म्हणजे उपकेंद्राची आरोग्य अधिकारी, किंवा सिस्टर आली की तिला पहिला शब्द मी हाच सांगते. तुमच्या वहीत 'एएसव्ही' लिहिलेलं असतं, म्हणजे सर्पविषावरचं औषध. आपल्याकडे मिळणारं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषावर चालतं. इथले लोक घोणसला परड म्हणतात, तेवढं लक्षात ठेवा. लहान मुलाला डोस कमी नसतो. साप त्याला विष कमी टोचत नाही. केसपेपरवर '२० डब्ल्यूबीसीटी' दिसलं तर घाबरू नका. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करून बघायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर ते गोठत नाहीये, म्हणजे परडीचा किंवा फुरशाचा संशय. प्लास्टिकच्या नळीवर ही तपासणी भरवशाची नाही.

गोळ्यांची अक्षरं तुम्हाला पाठ असतील. ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच, पीसी जेवणानंतर. सगळी लॅटिनमधून आलेली. आमच्या गावाचा दिवस मात्र लॅटिनवर चालत नाही. कापूस वेचायला जाणाऱ्या एका भाऊंना मी टीडीएस-पीसी समजावून सांगितलं होतं, "तीन वेळा, जेवण झाल्यावर." चार दिवसांनी ते हिशेब मांडत आले. "दहाले वावरात शिदोरी, राती आठले घरी. दोनदाच जेवतो न बाई. मंग तिसरी गोयी कवा खाऊ?" रात्री ते दोन गोळ्या एकदम घेत होते. पॅरासिटामॉल पाचशेची होती म्हणून निभावलं. तेव्हापासून आधी माणसाचा दिवस विचारते, मग गोळी सांगते: वावरात शिदोरी खाल्ल्यावर, परत आल्यावर चहासोबत, निजायच्या आधी. एसओएसची गोळी देताना "लागली तर घ्या" म्हणू नका. "दुखलं तरच घ्या, नाहीतर डब्यात ठेवा" असं सांगा.

तीच अक्षरं टेबल बदललं की अर्थ बदलतात, हे कॉलेजात कोणी शिकवत नाही. डोळ्यांच्या शिबिरातून आलेल्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे उजवा डोळा. मलेरियाच्या रजिस्टरात पीव्ही म्हणजे व्हायव्हॅक्स, मलेरियाचा एक प्रकार. त्याला गोळ्या क्लोरोक्विन तीन दिवस, प्रायमाक्विन चौदा दिवस. बाळंतपणाच्या खोलीत पीव्ही म्हणजे आतून तपासणी. एका नव्या सिस्टरने फोनवर "पीव्ही केलं का?" ऐकलं आणि गरोदर बाईचं बोट टोचायला किट काढलं. हसू नका, तुमचंही होईल. गरोदरपणात प्रायमाक्विन देत नाहीत, तेव्हा हा गोंधळ कुठवर जाऊ शकतो ते बघा.

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फोनवर नुसतं 'ओपी' ऐकू आलं तर ते ओपीडी नाही. ऑरगॅनोफॉस्फेट, म्हणजे फवारणीचं विष. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तोंडाला लाळ, अंगाला घाम. आधी कपडे उतरवून साबणाने अंग धुवायचं, तेही हातमोजे घालून. नातेवाइकांना फवारणीच्या औषधाचा डबा सोबत आणायला सांगायचं.

आता सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. इथे माझी चूक आहे, म्हणून सांगते. गावात सोल्युबिलिटी तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली की एवढंच कळतं की रक्तात एस हिमोग्लोबिन आहे. माणूस एएस आहे, म्हणजे वाहक, की एसएस आहे, म्हणजे रुग्ण, हे प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी झाल्याशिवाय सांगता येत नाही. मी एका मुलीच्या आईला उंबऱ्यावर उभी राहून म्हटलं, "पॉझिटिव्ह आली हो." सोयरीक जमत आलेली होती. संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावात निरोप पोचला की पोरीला मोठा आजार आहे. रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला: एएस. पोरगी ठणठणीत. सोयरीक तोवर मोडली होती.

एएसला गोळ्या लागत नाहीत. फक्त जोडीदाराची तपासणी लागते, कारण दोघंही एएस असतील तर दर गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक. एसएस असलेलं लेकरू "हाडं फुटून रायले" म्हणून रडत आलं तर त्याला नाटकी म्हणू नका. विळ्यासारख्या वाकड्या पेशी बारीक नसांमध्ये अडकतात, ते दुखणं खरं असतं. आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हे शब्द उंबऱ्यावर काढूच नका. इथे अजूनही निगेटिव्ह म्हणजे काहीतरी वाईट असंच ऐकतात.

राहिला एलएमपी, शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. तारीख कोणी सांगत नाही. "तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बसली होती," असं सांगतात, आणि ते बिनचूक असतं. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की ईडीडी, म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख. मात्र पोळा दर वर्षी अकरा-एक दिवस अलीकडे येतो, आणि अधिक महिना आला की अठरा-एकोणीस दिवस पुढे जातो. तेव्हा अंदाजाने तारीख लिहू नका आणि जुनं कालनिर्णय रद्दीत घालू नका. माझ्या खोलीत दाराच्या मागे तीन वर्षांची एकावर एक टांगलेली आहेत.