गुलाबाला उजेड पुरत नाही, ऊन लागतं! थंडीच्या तोंडावर तास मोजून घ्या

पाऊस सरला, छाटणी झाली, खत पडलं, पाणीही वेळेवर चालू आहे आणि तरी गुलाब नुसता पानांनी भरलाय, कळीचा पत्ता नाही. ही तक्रार या दिवसात हमखास ऐकू येते आणि लगेच पुढचा प्रश्न, कुठलं खत टाकू? थांबा जरा. आधी सांगा, झाडावर ऊन किती तास पडतं? "भरपूर उजेड आहे हो" हे उत्तर चालणार नाही, कारण उजेड वेगळा आणि ऊन वेगळं. आपल्या डोळ्याला सावलीतही सगळं लख्ख दिसतं म्हणून आपण फसतो, झाड नाही फसत.

हिशोब साधा आहे. गुलाबाला रोज किमान 6 तास थेट अंगावर पडणारं ऊन हवं, 7-8 तास मिळालं तर उत्तमच. 4-5 तासात झाड जगेल, अधूनमधून फूलही देईल पण फांद्या लांबट, बारीक आणि फुलं तुरळक. त्याच्याही खाली असेल तर स्पष्टच सांगतो, तिथे गुलाबाचा नाद सोडा आणि सावलीत जमणारं दुसरं काहीतरी लावा. मोठ्या फुलांच्या जातींना ऊन सगळ्यात जास्त लागतं, छोट्या फुलांचे, झुपक्याने फुलणारे काही गुलाब थोडं कमी ऊन सांभाळून घेतात.

आता मजा अशी की कुंडी आपण हलवलेली नसते पण सूर्य हललेला असतो. उत्तर गोलार्धात थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि आकाशात खालून जातो, 21-22 डिसेंबरला तर सगळ्यात खाली, त्यामुळे दक्षिणेला असलेल्या भिंतीची, झाडाची, समोरच्या बिल्डिंगची सावली एकदम लांब पसरते. सूर्य 45 अंशावर असला की भिंत जेवढी उंच तेवढीच लांब तिची सावली, त्याच्याही खाली गेला की भिंतीपेक्षा लांब. म्हणजे उन्हाळ्यात जी जागा तापत होती तिथे आता दिवसभर सावली असू शकते, आणि दक्षिणेकडच्या गॅलरीत उलट आता ऊन आतपर्यंत येतं. म्हणून उन्हाळ्यात मोजलेले तास आता धरू नका.

मोजायचं कसं तर सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर तासाला झाडापाशी जाऊन बघायचं, पानांवर ऊन आहे का नाही, आणि कागदावर टिक मारायची, बास. शंका वाटली तर झाडाच्या वर हात धरा, सावलीची कड स्पष्ट उमटली तर ऊन, नुसतं धूसर दिसलं तर तो फक्त उजेड. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन पूर्ण धरू नका, काचेत बरंच कमी होतं.

तासांची निवड करायची वेळ आली तर सकाळचं ऊन घ्या. रात्रीचं दव पानांवर जितका वेळ राहील तितकं काळ्या ठिपक्याच्या बुरशीचं फावतं, तिला पान साधारण 7 तास ओलं मिळालं की रोग धरतो. सकाळीच ऊन आलं की पानं लवकर सुकतात. सावलीच्या कोंदट जागेत भुरीही, म्हणजे पानांवर पांढरी पावडर धरणारी बुरशी, हटकून येते, मग आपण फवारण्या करत बसतो.

उन्हाअभावी कळी का येत नाही? पानं उन्हात साखर तयार करतात आणि फूल हा झाडासाठी महागडा खर्च आहे. साखर कमी पडली की फांदीच्या शेंड्यावरची कळी अगदी बारीक असतानाच झाड ती सोडून देतं, आपल्याला दिसते ती नुसती पानांची फांदी. अशी फांदी मध्येच, चांगल्या पाच पानी (एका देठावर पाच छोटी पानं असलेल्या) पानाच्या वर कापा म्हणजे खालचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला कोंब, फुटतो. पण त्या डोळ्यालाही फुटायला उजेड लागतो, म्हणून छाटणीत झाडाचा मधला भाग मोकळा ठेवायचा, आत वळलेल्या फांद्या काढायच्या. मी स्वतः एक झाड भिंतीच्या आडोशाला ठेवून वर्षभर खत घालत होतो, नायट्रोजनने ते हिरवंगार लुसलुशीत झालं आणि त्यावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडला, बाकी काही नाही. उन्हात नेऊन छाटल्यावर दीड-दोन महिन्यात कळ्या आल्या. खताचा खर्च वायाच गेला म्हणायचा.

मात्र सावलीतलं झाड एकदम दिवसभराच्या उन्हात ठेवू नका. नर्सरीतून आणलेलं रोपही बहुतेक वेळा शेडनेटखालचं, म्हणजे सावलीच्या जाळीखालचं असतं. पहिले 2-3 दिवस सकाळचं ऊन, मग तास वाढवत 8-10 दिवसात पूर्ण ऊन. घाई केली तर पानांवर तपकिरी चट्टे पडतात, ती पानं परत हिरवी होत नाहीत पण नवीन फूट चांगली येते, घाबरून झाड उपटू नका. आणि कुंडी आठवड्याला पाव वळसा फिरवत जा, नाहीतर झाड एकाच बाजूला झुकतं.

शेतात लावणाऱ्यांनी ओळी उत्तर-दक्षिण ठेवल्या तर सकाळी एका बाजूला आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला ऊन मिळतं. उन्हाळ्यात टाकलेलं शेडनेट अजून तसंच असेल तर आता काढा, बऱ्याच ठिकाणी ते विसरलेलं असतं. पॉलिहाऊसवाल्यांनी प्लास्टिकवर बसलेली धूळ आणि शेवाळ धुवून घ्या, हे काम कंटाळवाणं आहे खरं पण त्या थरात बराच प्रकाश अडतो.

उन्हाळा आला की हिशोब उलटा. पारा 35 च्या वर गेला की फुलं छोटी होतात, गडद लाल पाकळ्यांच्या कडा करपतात, नाजूक रंग एका दिवसात फिके पडतात. तेव्हा सकाळचं ऊन ठेवून दुपारी 12 ते 4 सावली द्या. काळी प्लास्टिकची कुंडी असेल तर झाडाआधी कुंडीला आडोसा करा, मुळं तिथे भाजतात. त्यासाठी एखादी पांढरी गोणी गुंडाळली तरी चालते.