इंग्लिश शब्दाचं स्पॅनिश करताना या चुका टाळा

मुंबईत स्पॅनिश शिकणाऱ्यांची एक चूक नेहमीची, डोक्यात वाक्य मराठीत येतं तरी मध्ये इंग्लिशचा दलाल घ्यायचाच. लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर नुसतं 'आस्क' टाकायचं, पहिला दिसला तो 'प्रेगुन्तार' उचलायचा आणि मग हॉटेलात पाणी मागायलाही तोच. अहो, प्रेगुन्तार म्हणजे विचारणं, मागायला पेदिर लागतं! हा फरक आपल्याकडे आधीपासून आहे, इंग्लिशमध्ये शिरलात की तो गायब.

'प्ले'चंही तेच, क्रिकेट खेळायला खुगार, गिटार वाजवायला तोकार. 'टाइम'ला तर हमखास लोचा होतो, वेळ नाहीये म्हणताना त्येम्पो, किती वाजले विचारताना ओरा, आणि तीन वेळा फोन केला असेल तर वेसेस, म्हणजे मराठीत वाक्य नीट धरलंत तर अर्धं काम तिथेच झालं.

अर्धंच हां. कारण 'मला माहितीये' इथे मराठी पण फसवते, पत्ता माहीत असेल तर साबेर, पण माणूस ओळखीचा असेल किंवा माद्रिद शहर फिरून माहीत असेल तर कोनोसेर. मासा आपल्याला सगळीकडे मासाच, स्पॅनिशमध्ये पाण्यात पोहतोय तोवर पेस आणि ससून डॉकवर पाटीत आला की पेस्कादो, त्यामुळे मत्स्यालयात पेस्कादो म्हणालात तर लोक हसतील.

तिकिटाला मात्र देश बघा. स्पेनमध्ये ट्रेनचं ते बियेते, सिनेमाचं एन्त्रादा, मेक्सिकोत दोन्हीकडे बोलेतो चालतं. आणि अमेरिकन माणूस 'पार्किंग तिकीट मिळालं' म्हणतो तेव्हा पोलिसाने पावती फाडलेली असते, तिथे मुल्ता.

सगळ्यात जपून राहायचं ते 'टेक'ला. स्पेनमध्ये बस पकडायला बिनधास्त कोखेर म्हणतात, पण मेक्सिको किंवा अर्जेंटिनात त्याचा अर्थ चारचौघांत बोलण्यासारखा नाही, तिथे तोमार वापरा, ते स्पेनमध्येही चालतं. म्हणून सुटा शब्द शोधू नका, अख्खं वाक्य टाका, आणि जो स्पॅनिश शब्द मिळेल तो उलटा रेआल अकादेमियाच्या, म्हणजे स्पेनच्या भाषा अकादमीच्या, शब्दकोशात बघा, ऑनलाइन फुकट आहे आणि कुठल्या देशात काय अर्थ तेही तिथे दिलेलं असतं, फक्त स्पॅनिशमध्ये, त्यामुळे सुरुवातीला जरा डोकं दुखेल.