मिनेसोटात पहिला हिवाळा: जॅकेट थ्रिफ्ट स्टोअरमधूनच घ्या

ऑगस्टमध्ये मिनिआपोलिसला येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: पुण्याहून जॅकेटं भरून आणू नका आणि आल्या आल्या मॉलमध्येही धावू नका. तिकडचं जॅकेट इथे ऑक्टोबरपुरतं; जानेवारीत काही रात्री पारा उणे 20 सेल्सिअसच्या खाली जातो. चांगला नवा पार्का, म्हणजे टोपीवालं जाड लांब जॅकेट, दोन-तीनशे डॉलरला पडतो. पहिला पगार यायच्या आधी चौघांसाठी एवढा खर्च कशाला?

थ्रिफ्ट स्टोअर म्हणजे लोकांनी देऊन टाकलेले, वापरलेले कपडे आणि वस्तू स्वस्तात विकणारं दुकान. गुडविल, सेव्हर्स, आर्क्स व्हॅल्यू व्हिलेज अशा दुकानांत जा. मिनेसोटात कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही. बऱ्याच दुकानांत ठरावीक रंगाच्या टॅगवर सूट असते, ती आधी विचारा. ईडायनासारख्या सधन उपनगरांच्या आसपास माल जास्त चांगला मिळतो. इथले लोक मूळ टॅगसुद्धा न काढलेले कपडे देऊन टाकतात.

‘दुसऱ्याचे उतरलेले कपडे’ म्हणून आपली काही मंडळी नाक मुरडतात. थोरल्या भावाचे शर्ट घालून वाढलेल्या आपल्या लोकांनी तरी असं बोलू नये. इथे प्राध्यापकही याच रांगेत उभे असतात. चारचौघांत ब्रँड मिरवायचा म्हणून क्रेडिट कार्डावर कर्ज करणारे मी पाहिले आहेत. त्यांचा सल्ला घेऊ नका.

जॅकेट उलटं करून बघा. आतलं कोटिंग पापुद्र्यासारखं सुटत असेल किंवा हाताला चिकट लागत असेल, तर ठेवून द्या. खांद्यावर दाबा: पिसांच्या गाठी झाल्या असतील तिथून थंडी शिरते. चेन खालपासून वरपर्यंत दोन-तीनदा ओढा.

आता सर्वांत महत्त्वाचं. ढेकूण! कॉलरखाली, खिशांत, शिवणींत बारीक काळे ठिपके दिसले तर कपडा घेऊच नका. ठिपके नसले तरी पिशवी बेडरूममध्ये न्यायची नाही. कपडे थेट ड्रायरमध्ये टाका, हाय हीटवर निदान अर्धा तास. नुसतं थंड पाण्यात धुऊन ढेकूण मरत नाहीत. ड्रायरमध्ये न चालणारा लोकरी कोट पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये उणे 18 सेल्सिअसला चार दिवस ठेवा. बाल्कनीतल्या थंडीवर विसंबू नका, ती कमीजास्त होते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने एक कोट तसाच कपाटात टांगला; शेवटी गाद्या आणि सोफा टाकावा लागला, पेस्ट कंट्रोलचं बिल वेगळं, आणि कित्येक आठवडे घरातले कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. म्हणून पुन्हा सांगतो, आधी ड्रायर, मग कपाट.

मुलांच्या स्नो पँट जुन्याच घ्या, वर्षभरात आखूड होतात. मोठ्यांचे बूट मात्र नवे. मुलांची कार सीट आणि हेल्मेट कधीही जुनं घेऊ नका. आधी अपघातात सापडलं होतं की नाही, हे बघून कळत नाही.

आणि जायचं ते सप्टेंबर संपायच्या आत. पहिला बर्फ पडला की रॅकवर नेमके आपल्या मापाचे पार्के उरत नाहीत.