जुन्या बुलेटची कॅफे रेसर करताय? या चुका टाळा

कॅफे रेसर, म्हणजे जास्तीचे भाग काढून हलकी केलेली, पुढे वाकून चालवायची बाइक, करायला घेतलेल्या माणसाच्या डोक्यात काढून टाकायच्या वस्तूंची यादी आधीच तयार असते. लांब सीट, दोन्ही मडगार्ड, एअर फिल्टरचा डबा, साइड पॅनल, बॅटरीची पेटी, सारी गार्ड, जमलं तर सायलेन्सरसुद्धा. गाडी हलकी आणि सडपातळ दिसायला लागते, फोटो छान येतात, आणि दोनेक महिन्यांत ती गॅरेजच्या कोपऱ्यात जाऊन बसते. कारण त्या यादीतली प्रत्येक वस्तू काहीतरी काम करत होती. ती काढल्यावर ते काम कोण करणार, हे आधी कोणी ठरवलेलंच नसतं.

ज्यांनी ही गाडी जन्माला घातली त्यांची रीत वेगळी होती. 1950 आणि 60 च्या दशकात लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेसारख्या अड्ड्यांवर जमणारी पोरं ताशी 100 मैलांचा वेग गाठायला धडपडत होती. त्यांची सगळ्यात गाजलेली गाडी म्हणजे ट्रायटन. नॉर्टनची फेदरबेड चेसिस वळणावर घट्ट बसायची आणि ट्रायम्फचं ट्विन इंजिन दमदार होतं, म्हणून दोन्हींचा मेळ घातला. दिसणं हे त्या कामातून आपोआप आलं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: आधी दिसणं ठरतं आणि गाडी त्यात कोंबली जाते.

इथे मी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट 350 समोर ठेवून लिहितोय, कारण महाराष्ट्रात या कामासाठी तीच जास्त उचलली जाते आणि तिच्या काही अडचणी फक्त तिच्याच आहेत. आरएक्स 100 किंवा येझदी असेल तरी बरंचसं लागू पडेल.

कटर हातात घेण्याआधी कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलामागे प्रत्येकी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. टाकीचा रंग बदलला तरी आरसीवर नोंद लागते. मागच्या सीटसाठी पकडायची दांडी, फूटरेस्ट आणि मागचं किमान अर्धं चाक झाकणारं गार्ड हे नियमातच आहे. त्यामुळे माझं मत ठाम आहे: जे नटबोल्टवर लागतं आणि निघतं तेवढंच करा, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग नाव लिहून जपून ठेवा. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला गाडी उभी करायची वेळ येते, तेव्हा हे भाग भंगारात गेलेले असले तर फार महाग पडतं.

आणि चेसिस नंबर. पावडर कोटिंगला चेसिस देताना नंबराच्या जागेवर हीट टेप लावून घ्या. कोटिंगचा जाड थर बसला की आकडे बुजतात, आरटीओत नंबराची पेन्सिल छाप नीट उठत नाही, आणि मग तो थर घासायला गेलात की नंबराशी छेडछाड केल्याचा संशय तुमच्यावर. ग्राइंडर त्या जागेच्या आसपाससुद्धा फिरवू नका.

चालती गाडी चालवून न बघता खोलणं

गाडी विकत घेतली त्याच आठवड्यात तिचे सुटे भाग पोत्यात भरले जातात. मग सहा महिन्यांनी नवी गाडी उभी राहते, ती हँडल हलवते, आणि हा दोष नव्या हँडलचा, नव्या टायरचा की मुळातलाच, हे कळायला मार्ग उरत नाही. मूळ रूपात ती आधी नीट चालवा. पुढचं चाक अधांतरी उचलून फोर्क दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढा. खटखट लागली तर स्टीअरिंगच्या बॉल रेस (बेअरिंगच्या वाट्या) गेल्या. हँडल हळूहळू फिरवताना मध्यावर हलकंसं अडतं का बघा. अडलं तर रेसमध्ये खड्डे पडलेत. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला (स्विंगआर्म) आडवा हेलकावा देऊन बुश तपासा. इंजिनाचं काम निघणार असेल तर तेही आत्ताच, रंगाच्या आधी. नव्या रंगावर तेलकट हात आणि पाने फिरलेले बघवत नाहीत.

चेसिसची शेपटी कापणं

सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात. मागचा पाइप आखूड करून वर वळवलेला गोल हूप लावायचा, ही कॅफे रेसरची ओळख. पण शॉकअप्सरचा वरचा बोल्ट जिथे बसतो, तिथून रस्त्याचा सगळा मार चेसिसमध्ये जातो. दोन्ही बाजूंच्या पाइपांना मागे जोडणारा आडवा दुवा काढला, की खड्ड्यात गेल्यावर ते पाइप आपापले हलायला लागतात. सुरुवातीला काही जाणवत नाही. मग वेल्डच्या कडेला केसाएवढी रेघ दिसते, आणि त्या रेघेवर रंगाचा पोपडा उठतो.

कापायचंच असेल तर शॉकअप्सरच्या माउंटिंगच्या मागे, वेल्डपासून पुरेसं अंतर सोडून कापा. नवा हूप नुसता टोकाला टोक लावून वेल्ड करू नका. पाइपच्या आत घट्ट बसणारा तुकडा लेथवाल्याकडून करून घ्या, तो दोन्ही बाजूंना आत सरकवा, बाहेरच्या पाइपला भोकं पाडून तिथेही वेल्ड भरा, मग सांधा. गेट-ग्रिल करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याचा हात कितीही साफ असला, तरी चेसिसचं काम जो रोज करतो त्याच्याकडेच जा. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरी, रेग्युलेटर, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा) बसवला असेल तर तोही, सगळं सोडवून ठेवा.

मागचे शॉकअप्सर आखूड करून गाडी बसकी करण्याचा मोह होतो, तो टाळा. मागची बाजू खाली गेली की फोर्कचा कोन पसरतो आणि गाडी वळायला जड होते. वरून चिमट्याचा प्रवास कमी झाल्याने टायर सीटच्या बुडाला घासतो.

पुढचं मडगार्ड आणि पावसाळा

जुन्या बुलेटचं पुढचं लोखंडी मडगार्ड आणि त्याचे पट्टे दोन्ही फोर्कना एकमेकांशी बांधून ठेवतात. ते काढलं की जोरात ब्रेक मारताना फोर्कच्या दोन नळ्या वेगवेगळं वागू लागतात, आणि पुढचा ड्रम ब्रेक पकडताना हँडल एका बाजूला खेचल्यासारखं वाटतं. छोटं मडगार्ड लावा, पण त्याखाली दोन्ही नळ्या बांधणारा जाड पट्टीचा फोर्क ब्रेस असू द्या.

मागचं मडगार्ड काढलेली गाडी जून महिन्यात ताम्हिणी किंवा आंबा घाटात नेऊन बघा. चाकावरचा चिखल थेट कारब्युरेटरवर, कॉइलवर आणि तुमच्या पाठीवर येतो. सीटच्या बुडाखाली पत्र्याचं एक आतलं मडगार्ड सहज बसतं, बाहेरून दिसतही नाही. जुन्या करवती नक्षीचे टायर फोटोत भारदस्त दिसतात, पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कच्ची असते. साध्या चांगल्या रोड टायरवरच खर्च करा. मूळच्या अरुंद रिमवर फार रुंद टायर चढवला तर त्याची गोलाई बदलते, आणि मागे तो चेनला घासायची भीती वेगळीच.

हँडल, फूटरेस्ट आणि ती किक

क्लिप-ऑन, म्हणजे फोर्कच्या नळ्यांनाच आवळलेल्या खालच्या मुठी, लावल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. टाकी आणि मूठ यांत अंगठ्याला जागा राहिली पाहिजे, नाहीतर पार्किंगमध्ये वळवताना अंगठा सापडतो. मग गाडी चालू ठेवून तसंच हँडल फिरवा. वळवताना रेसिंग आपोआप वाढली तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल आखूड आहे किंवा चुकीच्या वाटेने ओढली आहे. हा दोष रस्त्यावर, ऐन यू-टर्नमध्ये कळणं धोक्याचं आहे.

मागे सरकवलेल्या फूटरेस्टची अडचण बुलेटवर खास आहे. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला, किकही उजवीकडेच. फूटरेस्ट मागे नेला की किकचा दांडा खाली येताना बरोबर त्याच्यावर आदळतो. किक अर्धवट बसते, इंजिन उलटा झटका देतं, आणि पोटरी नाहीतर घोटा सुजतो. घडीचा फूटरेस्टच लावा, आणि कायमचा बसवण्याआधी नुसता बोल्टवर अडकवून पूर्ण किक मारून बघा. गिअरचा लिव्हर थेट उलटा फिरवून मागे लावला तर क्रमही उलटतो. वर पहिला आणि खाली बाकीचे तीन, ही सवय असलेला माणूस घाटात चुकीचा गिअर टाकतो. लिंकेज घालून मूळ क्रम राखा.

मागच्या ब्रेकचा पेडल आखूड केला की तेवढ्याच पायाच्या जोरात ब्रेक कमी लागतो. ड्रमकडे जाणारा रॉड चिमट्याच्या पिव्हटपासून फार लांबून सुरू झाला, तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना ब्रेक आपला आपणच लागतो. सीटवर दोन माणसं बसवून गाडी पुढे ढकलून बघा, लगेच समजेल.

एअर फिल्टर, सायलेन्सर

डबा काढून कारब्युरेटरच्या तोंडाला गोल फिल्टर लावला की हवा जास्त जाते, पेट्रोल तेवढंच राहतं. मिश्रण पातळ होतं, कास्ट आयर्नचा सिलिंडर तापतो, आणि हायवेवर लांब पल्ल्यात पिस्टन पकडतो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणजे मिश्रण आणखी थोडं पातळच. कारब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) बदलल्याशिवाय हा फिल्टर लावू नका.

जुळणी करताना क्रम पाळा. आयडलचा स्क्रू अगदी सुरुवातीच्या उघडीपुरता. मधल्या पट्ट्यात कारब्युरेटरातल्या सुईची जागा बोलते. पाऊण अ‍ॅक्सिलरेटरच्या पुढे मेन जेट. गाडी वरच्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर थोडी पळवा, क्लच दाबून लगेच इंजिन बंद करा, बाजूला घ्या आणि प्लग काढा. आतल्या चिनी मातीचा रंग फिकट बिस्किटासारखा हवा. पांढराफेक असेल तर मेन जेट वाढवा, कोरडी काजळी असेल तर कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. हे काम रिकाम्या रस्त्यावरच करायचं.

सायलेन्सर कापून नुसता पाइप ठेवला तर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर फटफट फुटतो. 175 सीसीवरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा 80 डेसिबल आहे, आणि पुण्या-मुंबईत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण बघितलेतच. आरएक्स 100 वाल्यांनी तर सायलेन्सरला हातच लावू नये. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरचा फुगवटा हा इंजिनाचाच भाग आहे. बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण तोच परत सिलिंडरमध्ये ढकलतो. तो कापला की ताकद गेली.

वायरिंग आणि टाकी

पावडर कोटिंग वीज वाहू देत नाही. चेसिसवर जिथे अर्थिंगचा बोल्ट बसतो तिथला थर खरवडून लोखंड उघडं करा, नाहीतर हॉर्न घुसमटतो, इंडिकेटर मंद होतात आणि दोष कॉइलवर ढकलला जातो. बॅटरी सीटखाली लपवताना लिथियमची घ्यायची असेल तर आधी चार्जिंगचा व्होल्टेज मीटरने मोजा. जुन्या रेग्युलेटरवर ती भरवशाने टिकत नाही.

फायबरची टाकी घेऊ नका. इथेनॉलने तिचं रेझिन हळूहळू मऊ पडतं आणि तो चिकट थर कारब्युरेटरात जातो. जुनी लोखंडी टाकी ठोकून घडवा. पण पेट्रोलची रिकामी दिसणारी टाकी वेल्ड करू नका, आतली वाफ स्फोट करते. धुऊन, पाण्याने भरून, आणि टाक्यांचंच काम करणाऱ्या माणसाकडून.

उभी राहिल्यावर

गाडी काही किलोमीटरनंतर बंद पडते, थोड्या वेळाने परत चालू होते. टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, बहुतेक वेळा रंगानेच. आयडल वर-खाली होतं तेव्हा कारब्युरेटर आणि हेड यांच्या सांध्यावर पाण्याचा हलका फवारा मारा. आवाज बदलला तर तिथून हवा शिरतेय, गॅस्केट बदला. चढावर दम कमी पडतो आणि किकला उलटा झटका येतो, तेव्हा पॉइंटचा (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या काँटॅक्टचा) गॅप बघा, 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवा, मग टायमिंग.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर हेड, इंजिन माउंटिंग, शॉकअप्सर, क्लिप-ऑन आणि फूटरेस्टचा प्रत्येक बोल्ट पान्याने परत आवळा. 70 बाय 90 मिलिमीटरचं एका पिस्टनचं इंजिन आहे, त्याची थरथर नवे बोल्ट ढिले करतेच. चेसिसचे नवे वेल्ड फडक्याने पुसून, उजेडात, बोट फिरवून बघा. पुढचे काही महिने दर वेळी गाडी धुतल्यावर हेच करा.