पुन्हा वर्दी घालायची आहे? आधी डिस्चार्ज बुक उघडा

सैन्यातून सुटून आलेल्या जवानाला मूळ पलटणीत परत घेणं अवघडच. पण डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या ठिकाणांची राखण करणाऱ्या डीएससीत, माजी सैनिकांना घेतात. तिचं केंद्र केरळात कन्नूरला आहे. टेरिटोरियल आर्मीच्या, म्हणजे प्रादेशिक सेनेच्या, पर्यावरण पलटणींतही बहुतेक माजी सैनिकच असतात.

भरती मेळाव्याची तारीख शोधण्याआधी कपाटातलं डिस्चार्ज बुक, म्हणजे सुटताना मिळालेलं सेवेचं नोंदपुस्तक, काढा. चारित्र्याचा शेरा, सुटण्याचं कारण आणि मेडिकल कॅटेगरी, या तीन नोंदी नीट वाचा. पुढचं बरंचसं त्यांवरच ठरतं. मग आधार कार्ड शेजारी ठेवून नावातलं अक्षर न् अक्षर ताडून बघा. एका वेलांटीच्या फरकानेही माणूस अडतो, आणि ती दुरुस्ती सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या आपापल्या रेकॉर्ड ऑफिसकडूनच होते. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगावला. म्हणून फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आजच टाका. तो कसा करायचा ते आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

वय आणि सुटल्यापासूनचा काळ, दोन्हींना मर्यादा आहे, तेव्हा वर्ष वाया घालवू नका. डीएससीत जुनी सेवा जोडून घ्यायची की पहिलं पेन्शन चालू ठेवायचं, हा पर्याय विचारतात. घरी बसून हिशेब करूनच सही करा. भरतीला एक पैसाही लागत नाही. कुणी मागितला तर तिथूनच मागे फिरा.