दोन लहान मुलं आणि दोघांची नोकरी: कोल्हापुरातला धावपळीचा दिवस कसा मार्गी लावावा

एक मूल पाच वर्षांचं, दुसरं दोन वर्षांचं. नवरा-बायकोपैकी एकाला सकाळी गोकुळ शिरगावची एमआयडीसी गाठायची, दुसरीला शाहूपुरीतलं ऑफिस. मोठं मूल शाळेत, धाकटं पाळणाघरात किंवा आजीकडे. असं घर समोर धरून हे लिहिलं आहे. अशा घरातली सकाळ बिघडते ती बहुतेक वेळा ठरवाठरवीमुळे. डब्यात काय, मोजे कुठे, आज सोडणार कोण, हे प्रश्न सात वाजता पडले की मुलांकडे लक्ष उरतच नाही. म्हणून पहिलं काम रात्रीचं.

रात्री: वीस मिनिटं, रोज

१. दप्तर उघडा, डायरी वाचा, सही करा, दप्तर दाराजवळ ठेवा. वर्गात उद्या रंगीत कागद लागणार हे रात्री नऊपर्यंत कळलं तर कोपऱ्यावरचं दुकान उघडं असतं.

२. गणवेश बनियन, चड्डी आणि मोज्यांसकट एकावर एक ठेवा. सगळ्यात वर बनियन, म्हणजे मुलाला तो ढीग वरून खाली घालत जाता येतो. पाच वर्षांच्या मुलाला बटणं सोडली तर बाकी सगळं जमतं.

३. भाजी चिरून ठेवा, कणीक मळून ठेवा. दोन कप कणकेच्या आठ-नऊ चपात्या होतात. गोळ्याला तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. उघडा राहिला की हवा लागून काळपट पडतो आणि वर पापुद्रा धरतो. सकाळी लाटायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, गार कणीक लाटताना आखडते.

४. पाळणाघराची पिशवी: कपड्यांचे तीन जोड, चार डायपर, एक जुना टॉवेल, ओल्या कपड्यांसाठी रिकामी पिशवी. प्रत्येक वस्तूवर नाव घाला.

५. उद्या सोडणार कोण, आणणार कोण, हे एकमेकांना मोठ्याने सांगा. कंपनीत ओव्हरटाइम लागला तर तिसरं माणूस कोण, तेही. शेजारच्या काकू असोत की मामा, शाळेत आणि पाळणाघरात त्यांचं नाव आणि फोन आधीच लिहून दिलेला असावा. ऐनवेळी फोनवरून सांगून अनोळखी माणसाच्या ताब्यात मूल द्यायला चांगलं पाळणाघर तयार होत नाही, आणि ते योग्यच आहे.

सकाळ: क्रम बदलू नका

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य शासनाने २०२४ मध्ये सांगितलं, त्यामुळे बऱ्याच घरांना थोडी उसंत मिळाली आहे. ती मुलांच्या झोपेत जाऊ द्या. मोठ्यांनी मात्र मुलांच्या पाऊण तास आधी उठावं. कुकर, चहा आणि स्वतःची आंघोळ त्यात उरकते.

मुलांचा क्रम असा: शी-शू, दात, नाश्ता, मग गणवेश. गणवेश आधी घातला की दूध त्याच्यावरच सांडतं. धाकट्याला सगळ्यात शेवटी, निघायच्या तोंडावर तयार करा, कारण हमखास तेव्हाच डायपर बदलावा लागतो. आंघोळ सकाळीच हवी असा आग्रह सोडता आला तर सोडा. संध्याकाळी घातली तर सकाळची वीस मिनिटं वाचतात आणि खेळून आलेला मळही निघतो.

“पाच मिनिटांत आवर” हे लहान मुलाला कळत नाही, कारण त्याला अजून वेळेचा अंदाज नसतो. “चप्पल, मग दप्तर, मग गाडी” हे कळतं. निवड द्यायची तर दोनातच: निळी बाटली की लाल? “काय खाणार?” असं मोकळं विचारलं की रडारडीला सुरुवात.

दुधाबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं. कोल्हापूरला म्हशीच्या दुधाचं कौतुक आहे, गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध पिणारी माणसं आजही आहेत. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र कच्चं दूध देऊ नका, त्यातून जंतुसंसर्ग होतो. उकळूनच द्या. आणि एक वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर पुरे. त्याहून जास्त दूध पोटात गेलं की मूल जेवत नाही आणि अंगात लोह कमी पडतं. “काही खातच नाही” म्हणून जिथे तक्रार असते, तिथे आधी दुधाचे पेले मोजा.

डबा

डबा मुलाला स्वतः उघडता आला पाहिजे. नवा डबा आणला की दोन दिवस घरी उघड-झाक करून घ्या. घट्ट झाकणामुळे न खाता परत येणारे डबे पुष्कळ असतात. एक चपाती पुरते. कोरड्या मटकीच्या उसळीचा किंवा अंड्याच्या भुर्जीचा रोल करून चार तुकडे करा. रस्सा गळतो, पोहे गार झाले की कोरडे पडतात. कांदा-लसूण चटणी मोठ्यांच्या भाजीत वरून घाला, म्हणजे एकाच कढईत काम होतं.

चार वर्षांच्या आत अख्खे शेंगदाणे देऊ नका. भडंगातले शेंगदाणे वेचून काढा. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा. श्वासनलिकेत अडकणाऱ्या गोष्टी याच असतात, आणि धावत-पळत खाताना धोका वाढतो.

दुचाकीवरून सोडताना

राजारामपुरीतून किंवा दाभोळकर कॉर्नरवरून जाताना स्कूटरच्या पुढे उभं असलेलं मूल रोज दिसतं. ते थांबवायला हवं. अचानक ब्रेक लागला तर तोंड थेट हँडलवर आपटतं, आणि मुलाच्या हाताला ॲक्सिलरेटर लागतो. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधलेला सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. चार वर्षांपुढचं मूल पूर्ण प्रवासी धरलं जातं, त्यालाही हेल्मेट हवंच. दोघांना एकदम नेण्याऐवजी मोठ्याला रिक्षावाल्या काकांकडे द्या आणि धाकट्याला स्वतः सोडा. रिक्षा निवडताना भाड्याच्या आधी मुलं किती बसवतात ते बघा.

जून ते सप्टेंबर वेगळी तयारी लागते. गणवेश तीन हवेत, कारण इथल्या पावसात दोन दिवस कपडे वाळत नाहीत. रेनकोट दप्तरावरून जाईल एवढा मोठा घ्या. दप्तरात प्लास्टिक पिशवीत मोज्यांचा एक जोड ठेवा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ कडे सरकू लागलं की सुट्टीची वाट न बघता मुलांना कुणाकडे ठेवायचं ते ठरवा आणि पिण्याचं पाणी भरून ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराचा पाणीपुरवठाही बंद पडला होता.

संध्याकाळी पाच ते आठ

दिवसातला सगळ्यात अवघड पट्टा हा. मुलं भुकेली, तुम्ही दमलेले. घरात शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत खायला द्या, कपडे बदलणं नंतर. केळं, दही-पोहे, किंवा नाचणीचं सत्त्व: दोन चमचे पीठ एक कप गार पाण्यात आधी कालवा, मग मंद आचेवर सतत ढवळत पाच मिनिटं शिजवा. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं की गुठळ्या होतात. खाणं होईपर्यंत मोबाइल बाजूला ठेवा आणि खाली जमिनीवर बसा. एवढं लक्ष मिळालं की पुढचा अर्धा तास स्वयंपाकघरात निवांत जातो.

रंकाळ्यावर किंवा महावीर उद्यानात न्यायचं तर सहाच्या आत निघा आणि सातला परत फिरा. रंकाळ्याच्या काठाने दोन वर्षांच्या मुलाचा हात सोडू नका. चौपाटीवर भेळेच्या गाड्यांमध्ये रेंगाळलात की जेवण नऊवर जातं आणि झोप दहावर. दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांत १० ते १३ तास. धाकटा रात्री जागत असेल तर पाळणाघरात विचारा: दुपारी चारनंतरही झोपू देतात का?

दोन वर्षांच्या आत मोबाइल नाही, पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या आत. जेवताना तर नकोच. पडद्याकडे बघणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही.

ताप किंवा जुलाब आले तर

फ्रीजच्या दारावर एक चिठ्ठी लावा: दोन्ही मुलांचं वजन, औषधाचं नाव, डॉक्टरांनी लिहून दिलेलं प्रमाण. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं. १२ किलोच्या मुलाला एका वेळी साधारण १८० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे पहिल्यातलं ७ मिलिलिटर, दुसऱ्यातलं साडेतीन. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं की दुप्पट औषध जातं. म्हणून चिठ्ठीवर ताकद लिहा, आणि दिलेली वेळही, नाहीतर आई देऊन गेलेली मात्रा बाबा पुन्हा देतात. दोन मात्रांत किमान चार तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही.

जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाका. अर्ध्या पाण्यात अर्धं पाकीट असा अंदाज चुकतो, आणि दाट द्रावणाने जुलाब वाढतात. दोन वर्षांच्या आत प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, पुढच्या वयात १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उरलेलं चोवीस तासांनी फेकून द्या. मूल सुस्त पडलं, सहा-आठ तास शू झाली नाही, डोळे खोल गेले किंवा पाणीही पोटात टिकेना, तर सकाळची वाट बघू नका. दवाखाना बंद असेल तर थेट सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात) न्या किंवा १०८ ला फोन करा.