सीमाभागातल्या हयात पत्रकाराचं विकिपीडिया पान लिहिताना

पत्रकाराचं पान दोन तऱ्हांनी बिघडतं. एक तर ते वाढदिवसाच्या पुरवणीसारखं होतं, नाहीतर आरोपपत्रासारखं. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात दोन्ही लवकर घडतं, कारण इथं माणूस कुठल्या भाषेच्या पेपरात लिहितो यावरूनच तो कुणाचा हे लोक ठरवून मोकळे होतात. विकिपीडियाच्या पानानं असा निवाडा करायचा नसतो. कोण काय म्हणालं आणि प्रकरण कुठवर आलं, एवढंच तिथं यायला हवं.

हयात व्यक्तींसाठी वेगळे कडक नियम आले त्यामागेही एका पत्रकाराचंच पान आहे. २००५ साली जॉन सीगेनथेलर या अमेरिकी पत्रकाराच्या इंग्रजी पानावर केनेडी बंधूंच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडणारा खोटा मजकूर कुणीतरी टाकला. तो चार महिन्यांहून जास्त काळ तसाच राहिला. मराठी विकिपीडियावर पहारा देणारे हात इंग्रजीपेक्षा खूपच कमी आहेत, तेव्हा इथं काळजी जास्तच हवी.

सुरुवात धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर) करा आणि आधी संदर्भ गोळा करा. पत्रकाराच्या बाबतीत एक अडचण खास आहे: त्याच्याबद्दल लिहिणारा पेपर बहुतेक त्याचा स्वतःचा तरी असतो, नाहीतर स्पर्धकाचा. स्वतःच्या पेपरातून रुजू झाल्याचं वर्ष, पद, आवृत्ती असला साधा तपशील घेता येतो; थोरवी नाही. स्पर्धकाच्या अग्रलेखातली टीका हे मत असतं, ते घ्यायचंच तर ‘अमुक दैनिकाच्या अग्रलेखात अशी टीका झाली’ असं नाव घालून घ्या. गौरव विशेषांक, शुभेच्छांच्या जाहिराती, फेसबुकवरच्या पोस्टी, गावोगावची यूट्यूब चॅनेलं यांवर वादाचा मजकूर अजिबात उभा करू नका. संदर्भात बातमीचा मथळा, दैनिक, आवृत्ती, तारीख, पान हे पाचही लिहा. बेळगाव आवृत्तीतली बातमी कोल्हापूर आवृत्तीत नसते, आणि ई-पेपरचे दुवे लवकर मरतात. म्हणून दुवा वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर) जतन करून तोही जोडा.

जन्मस्थळावरून सगळ्यात जास्त ओढाताण होते, आणि खरं तर ती सगळ्यात सोपी बाब आहे. जन्माच्या दिवशी ते गाव कुठल्या राज्यात होतं ते लिहा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या दिवसापासून तो म्हैसूर राज्यात गेला, आणि त्या राज्याचं नाव १ नोव्हेंबर १९७३ ला कर्नाटक झालं. म्हणजे १९६० साली निपाणीत जन्मलेल्या माणसाला ‘निपाणी, म्हैसूर राज्य (आता कर्नाटक)’ असं लिहायचं. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, तो तेव्हा मुंबई राज्यातच राहिला. त्यामुळे १९५० साली चंदगडला जन्मलेला पत्रकार बेळगाव जिल्ह्यातला, पण आजच्या हिशेबानं कोल्हापूरचा. ‘कर्नाटकव्याप्त’ हा शब्द चरित्रात नको, तसाच ‘कर्नाटकाचा अविभाज्य भाग’ही नको. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे, मराठीत रूढ नाव बेळगाव. पानभर एकच रूप ठेवा आणि तेवढ्यासाठी कुणाशी एकमेकांचे बदल परतवण्याची उलटवाउलटवी खेळू नका. सीमावादाचा इतिहास, महाजन आयोग, २००४ चा सर्वोच्च न्यायालयातला दावा हे सगळं त्याच्या स्वतंत्र पानावर. इथं फक्त दुवा.

आता पोलीस केस. मराठीत आपण सहज ‘गुन्हा दाखल झाला’ म्हणतो आणि चौथ्या संपादनापर्यंत त्याचं ‘गुन्हेगार’ होतं. पायऱ्या वेगळ्या ठेवा: तक्रार, एफआयआर, आरोपपत्र, दोषारोप निश्चिती, निकाल, अपील. पोलिसांनी बी रिपोर्ट (केस बंद करण्याचा अहवाल) दिला असेल तर तो एफआयआरच्याच वाक्यात यायला हवा, तीन परिच्छेद खाली नव्हे. कन्नड बातमीवरून लिहिताना ‘वशक्के’ म्हणजे ताब्यात घेणं आणि ‘बंधन’ म्हणजे अटक, हा फरक पाळा. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत किंवा बेळगावातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या काळात सकाळी ताब्यात घेऊन संध्याकाळी सोडलेल्या माणसाला ‘अटक झाली होती’ असं लिहिणं साफ चूक. बदनामीची फौजदारी फिर्याद तर पोलिसांत नोंदतच नाहीत, ती थेट कोर्टात होते. तिला एफआयआर म्हणू नका. कलमाचा आकडा दिलात तर कायद्याचं नावही द्या: १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला भारतीय दंड संहितेचं कलम १५३ अ, नंतरच्या घटनेला न्याय संहितेचं कलम १९६. कोर्टाच्या साइटवरून निकालपत्र उतरवून त्यातून स्वतःचा निष्कर्ष काढू नका. त्या निकालाची बातमी कुणी दिली असेल तर ती वापरा.

तालुका वार्ताहर हा काही सार्वजनिक पुढारी नव्हे. त्याच्यावर नुसता आरोप आहे, दोष सिद्ध झालेला नाही, तर ते वाक्य बहुतेक वेळा पानात नसलेलंच बरं. आणि दहा ओळींच्या पानात सहा ओळी एकाच केसच्या असतील, तर प्रत्येक ओळीला संदर्भ असूनही पान एकांगीच राहतं. ‘वाद’ असा वेगळा मथळा काढला की त्याखाली भर पडतच जाते. घटना कालक्रमात बसवा.

विशेषणं दोन्ही बाजूंची काढा. ‘झुंजार’, ‘निर्भीड’, ‘सीमालढ्याचे शिलेदार’, ‘मा.’, ‘श्री.’ जातील; ‘समितीधार्जिणे’ (म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समितीचे), ‘मराठीद्वेष्टे’, ‘पाकीट पत्रकार’ही जातील. त्यांच्या जागी नेमकं काम लिहा: कुठल्या दैनिकात, किती वर्षं, कुठला स्तंभ. आडनावावरून मातृभाषा ठरवून पानाला वर्ग (विषयवार यादी) जोडू नका. पाटील, देसाई, कुलकर्णी दोन्हीकडे सापडतात. त्याच कारणानं, संदर्भातला पाटील हाच तो पाटील का, हे पूर्ण नाव आणि पेपर जुळवून पाहा. जात, घरचा पत्ता, मुलांची नावं, फोन नको. जन्मतारीख सर्वत्र छापून आलेली नसेल तर फक्त वर्ष पुरे.

बिनसंदर्भाचा बदनामीकारक मजकूर दिसला तर ‘संदर्भ हवा’ साचा लावून वाट पाहू नका. लगेच काढा. संपादनाच्या सारांशात ‘हयात व्यक्ती, संदर्भ नाही’ एवढंच लिहा. आरोप पुन्हा तिथं किंवा चर्चा पानावर उगाळलात तर तो पानाच्या इतिहासात आणखी एकदा छापला जातो. मजकूर गंभीर असेल तर पानाची ती आवृत्ती लपवायला प्रचालकाला (विकिपीडियावर जादा अधिकार असलेल्या संपादकाला) सांगा. कुणी परत परत घालत असेल तर किती वेळा उलटवलं ते मोजत बसण्यापेक्षा पानाला सुरक्षा मागा.

पत्रकारानं स्वतः, घरच्यांनी किंवा सहकाऱ्यानं पान थेट बदलू नये. चर्चा पानावर नातं सांगून, कुठलं वाक्य चुकलं आणि त्याला संदर्भ कोणता, असं मांडावं. पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं ते उघड करणं बंधनकारक आहे.

व्हॉट्सअॅपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ फिरू लागली की तासाभरात ‘आहेत’चं ‘होते’ करणारे येतात. दैनिकात बातमी येईपर्यंत उलटवत राहा. बातमी आल्यावरही हे नियम लगेच सैल होत नाहीत. नुकत्याच गेलेल्या व्यक्तीला ते आणखी काही महिने, कधी दोन वर्षांपर्यंत लागू धरले जातात.